नारळाच्या चवीचं इंधन

फंगबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. जवळजवळ सगळी नोकरी आम्ही एकाच टेबलाशी डबा खाल्ला, पण त्याने लग्न का केलं नाही, त्याला कोणतं गाणं आवडायचं, रविवारी तो काय करायचा, यातलं मला काहीच सांगता येणार नाही. तो काचेची भांडी कशी फोडायचा आणि फोडल्यावर दोष कोणाला द्यायचा, एवढंच मला ठाऊक आहे. तो वारल्यावर त्याच्या बहिणीने त्याच्याबद्दल चार ओळी लिहून मागितल्या. मी म्हणालो, मला लिहिता येत नाही. ती म्हणाली, "छ्यू भाऊ, त्याच्या ओळखीचं दुसरं कोणी सापडतच नाहीये." म्हणून हे लिहितो आहे. चार ओळींत बसलं नाही, त्याबद्दल तिची माफी मागतो.

आमच्या बेटावर, शिनचू शहरातल्या एका विद्यापीठात मी प्रयोगाच्या भांड्यांसाठी काच फुंकायचं काम करायचो. समोरच्या इमारतीत 'सूर्य-इंधन केंद्र' होतं. नाव मोठं होतं, पण आतला उद्योग साधा होता. काचेच्या बंद भांड्यात थोडं पाणी आणि चिमूटभर पावडर घालायची, कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि वरून सूर्यासारखा दिवा लावायचा. पावडर चांगली असेल तर त्या वायूचा मिथेन होतो, म्हणजे जळणारा गॅस. गिरणीच्या धुराड्यातून जे बाहेर पडतं त्याचंच पुन्हा जळण करायचं, तेही फुकटच्या उन्हात. अशी पावडर ज्याला सापडेल त्याच्या नावाने रस्ते होतील, असं सगळे म्हणायचे. त्यामुळे बेटावरच्या प्रत्येक विद्यापीठात कोणाला ना कोणाला ती दर वर्षी सापडायचीच.

सापडली की ती तपासायला फंगकडे यायची. केंद्रात त्याचं काम तेवढंच. पावडर चांगली की वाईट ते सांगायचं. बहुतेक वेळा तो एकच शब्द सांगायचा, "शून्य." लोक त्याला पाठीमागे 'शून्य फंग' म्हणत आणि समोर 'फंग सर' म्हणत. पहिलं नाव त्याला जास्त आवडायचं.

त्याची युक्ती अगदी बाळबोध होती. दिवा, पावडर, पाणी सगळं तसंच ठेवायचं आणि कार्बन डायऑक्साइडच्या जागी आर्गॉन भरायचा. आर्गॉन हा कोणाच्या अध्यात ना मध्यात असा वायू. त्यात कार्बन नाहीच. मग मिथेन यायला नको. तरीही आला, तर तो पावडरीच्या अंगावरच्या मळाचा. धुताना राहिलेलं ॲसिटोन, हाताचं तेल, झाकणाचं ग्रीस, असलं काहीतरी उजेडात कुजून गॅस होतो आणि मोजणाऱ्याला वाटतं, आपण जग वाचवलं. फंग म्हणायचा, "घरात तांदूळ नसताना भात शिजला, तर भाताचं कौतुक करू नये. तांदूळ कोणाच्या घरचे ते शोधावं."

एकदा दक्षिणेकडचे एक नामवंत प्राध्यापक स्वतः पावडर घेऊन आले. सोबत अननसाच्या केकची पेटी होती. फंगने पेटी ठेवून घेतली आणि त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं.

"काय निघालं?" प्राध्यापकांनी हसतमुखाने विचारलं.

"मिथेन निघाला, सर. भरपूर."

"मी म्हणालोच होतो."

"आर्गॉनमध्येही तेवढाच निघाला. तुमच्या पावडरीने वायूला हातसुद्धा लावला नाही. ज्या ॲसिटोनने बाटली धुतली होती त्याचंच तिने इंधन केलं."

"आणि तो प्रति ग्रॅमचा आकडा?"

"तुम्ही पावडर घेतली नखभर आणि आकडा सांगितला ग्रॅमचा. असा हिशेब लावला तर माझी आईसुद्धा ताशी शंभर मैल धावते, फक्त एका पावलापुरती." मग म्हणाला, "केक मात्र खरे होते."

प्राध्यापक पुन्हा आले नाहीत. त्यांनी पावडर दुसरीकडे तपासून घेतली. तिथे आर्गॉनची टाकी नव्हती, त्यामुळे निकाल फार उत्तम आला.

असा हा माणूस. त्याला मित्र नव्हते यात नवल नाही. माझ्याशी तो बोलायचा, कारण मी काही शोधून काढायची शक्यता नव्हती.

केंद्रातल्या ह्वा ताईंशी मात्र त्याचं कायम वाजायचं. ताई कार्यालय सांभाळायच्या, आणि यंत्रांवरचे हिरवे पुडेही. आमच्याकडे प्रत्येक महागड्या यंत्रावर नारळाच्या चवीच्या मक्याच्या पोंग्यांचा एक हिरवा पुडा ठेवलेला असतो. त्या पोंग्यांच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखं वाग', म्हणून पुडा असला की यंत्र शहाण्यासारखं वागतं. बँकेत, इस्पितळात, कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात, सगळीकडे ठेवतात. हिरवाच लागतो, कारण हिरवा दिवा म्हणजे यंत्र नीट. पिवळा ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. पुडा फोडायचा नाही, आणि मुदत संपायच्या आत बदलायचा. मोठमोठे शास्त्रज्ञ याला हसतात आणि हसून झाल्यावर मुदतीची तारीख बघतात.

फंग एकटा खरोखर हसायचा. "ताई, यंत्राला लाच देता?"

"तू लाच म्हण. मी मान म्हणते."

"आणि आतले पोंगे कोण खाणार?"

"मुदत संपली की मी. तुला नाही मिळणार."

एकदा त्याने वायू मोजायच्या यंत्रावरचा पुडा उचलून केराच्या डब्यात टाकला. त्याच आठवड्यात यंत्राची नळी तुंबली आणि दुरुस्तीचा माणूस तैपेईहून यायला पंधरवडा गेला. नळी तुंबण्याचं कारण फंगने सर्वांना समजावून सांगितलं. सर्वांनी ऐकून घेतलं आणि ताईंनी नवे दोन पुडे आणले.

आता मूळ गोष्ट. दुसऱ्यांच्या पावडरींना शून्य देता देता फंगने स्वतःची एक पावडर करायला घेतली होती. तांबं आणि टायटॅनियमची, शेवाळी रंगाची. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती आणि त्याच्या दारावरच्या पाटीवर अजून 'तांत्रिक संशोधक' असंच होतं. पेइपू गावी त्याची आई होती, नव्वदीला टेकलेली. ती शरद ऋतूत अंगणात पर्सिमनची, टोमॅटोसारखी दिसणारी नारिंगी फळं सोलून वाऱ्यावर वाळवायची आणि दर आठवड्याला फोन करायची. फोन एवढा मोठ्याने चालायचा की दोन्ही बाजू मला ऐकू यायच्या.

"प्राध्यापक झालास का?"

"होतोय, आई."

"कधीपासून होतोयस."

त्याला ती पाटी हवी होती. तसं तो म्हणायचा नाही, पण डबा खाताना एकदा त्याने विचारलं होतं, पितळेवर अक्षरं कोरायला किती दिवस लागतात. मी काचेचा माणूस, मला काय ठाऊक.

पावडरीला तो स्वतःच शून्य देत राहिला. पुन्हा करायचा, पुन्हा शून्य. आणि मग एका सोमवारी मिथेन आला. थोडाथोडका नाही, असा आला की कागदावरची रेघ वरच्या कडेला जाऊन भिडली. केंद्राचे संचालक लाय धावत आले. लाय वयाने फंगपेक्षा पुष्कळ लहान. विद्यार्थी असताना फंगच्याच हाताखाली बाटल्या धुवायचे. त्यांना काही हवं असलं की ते 'फंग दादा' म्हणत आणि राग आला की 'डॉक्टर फंग'. त्या दिवशी एका वाक्यात तीनदा दादा झालं.

आठवड्याच्या आत फाटकावर लाल कापड चढलं. आमच्याकडे कोणाचं काही चांगलं झालं की लाल कापडावर अभिनंदन लिहून टांगतात. 'फंग शिंग-थ्यान यांच्या जागतिक विक्रमाबद्दल हार्दिक अभिनंदन'. खालच्या ओळीत संचालकांचं नाव होतं, ते थोडं मोठं. टीव्हीवर लाय सर म्हणाले, हा बेटाच्या भविष्याचा प्रकाश आहे. पेइपूच्या देवळात फटाके वाजले. आईने अख्ख्या गल्लीला वाळवलेली फळं वाटली.

डब्याच्या टेबलाशी ह्वा ताईंनी विचारलं, "फंग, तू सगळ्यांना विचारतोस ते आज मी तुला विचारू का?"

"काय?"

"आर्गॉनवर चालवलंस?"

फंगने अंड्याचा तुकडा तोंडात टाकला. "वेळ झाला नाही."

"लोकांना वेळ झाला नाही की तू काय म्हणतोस?"

"ताई, भात गार होतोय."

 मला वाटलं, थट्टा चालली आहे.

दोन दिवसांनी तो माझ्या कार्यशाळेत आला आणि नवं भांडं मागितलं. जुन्याला काय झालं, विचारलं, तर म्हणाला, काही नाही, ज्याला कधीच काही लागलेलं नाही असं हवं. मग स्टुलावर बसला. बर्नरची ज्योत चालू होती, ती बघत राहिला.

"छ्यू, हसणार नसशील तर एक सांगतो."

"सांग."

"मी निर्वात भट्टीत पुडा ठेवला होता."

मला आधी कळलंच नाही. निर्वात भट्टी म्हणजे हवा शोषून घेणारं गरम कपाट. पावडर त्यात वाळवतात.

"कसला पुडा?"

"हिरवा. ताईंच्या खणातून घेतला." तो ज्योतीकडे बघतच बोलत होता. "इतक्यांदा शून्य आलं होतं. म्हटलं, ठेवून बघू, कोणाला कळणार आहे? पावडरीच्या मागे ठेवला, दार लावलं, पंप सुरू केला."

"मग?"

"मग काय? पुड्यात हवा असते, छ्यू. बाहेरची हवा काढली की आतली फुगते. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवलं आहे. पुडा फुटला. सगळीकडे पोंगे."

मी हसलो. हसायचं नाही असं ठरलं होतं, पण हसलो. तोही थोडा हसला असावा, नक्की सांगता येत नाही.

"पावडरीवर झाकण होतं ना?"

"ॲल्युमिनियमचा वर्ख होता. हवा जायला बारीक भोकं पाडलेला. मी पोंगे वेचले, कपाट पुसलं आणि स्वतःला सांगितलं, वर्ख आहे, आत काही गेलं नाही. नारळाच्या तेलाची वाफ भोक विचारून जाते का? वास येत होता रे. पावडर घालताना भांड्यातून वास येत होता. मी म्हटलं, माझ्या हाताला असेल."

त्या दुपारी त्याने नव्या भांड्यात तीच पावडर घातली आणि आर्गॉन भरला. कार्बन डायऑक्साइडमध्ये आला होता त्याहून जरा जास्तच मिथेन आला. मग तो वाट बघत बसला. पोंग्यांचं तेल संपलं आणि मिथेनही संपला. मग कार्बन डायऑक्साइड भरून पाहिलं. रेघ सपाट, पेइपूच्या भातखाचरासारखी.

त्याने लाय सरांना प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. मी नवं भांडं जोडायला तिथेच होतो. मला कोणी बाहेर जा म्हणालं नाही, काच-मिस्त्रीला तसं कोणी म्हणत नाही. लाय सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते काही दुष्ट नव्हते. बुद्धिमान होते, हीच अडचण होती.

"फंग दादा, आपण असं म्हणू की या पावडरीला कार्बनचे अनेक स्रोत चालतात."

"म्हणजे पोंगे."

"'खाद्यजन्य कार्बन' म्हणता येईल. त्यावर एक वेगळा निबंधही होईल."

"लाय, ते टाकाऊ तेलाचं कुजणं आहे. हे कोणत्याही पावडरीला जमतं. उन्हात ठेवलेल्या फडक्यालाही जमतं."

"आकडा खोटा आहे का? यंत्राने दिला ना? आपण मनाचा लिहिला का?" लाय सरांनी आवाज खाली आणला. "पुढच्या आठवड्यात तैपेईची समिती येते आहे. आपलं अनुदान आणि तुमची बढती दोन्ही त्यांच्याच हातात. पाटी करायला टाकली आहे मी. दुसऱ्यांचे आकडे काय धुतल्या तांदळाचे आहेत? तुम्हीच तर सांगता."

 बाहेर आल्यावर फंग जिन्यात म्हणाला, "पितळेची म्हणे." एवढंच.

तो आठवडा तो जेवायला आला नाही. ताई त्याचा डबा वाफवून ठेवायच्या आणि संध्याकाळी स्वतःच घरी न्यायच्या. तो काय करेल हे मला खरंच सांगता आलं नसतं. एवढी वर्षं ओळखून मी पैज लावली असती, तर बहुधा चुकीच्या बाजूने लावली असती.

समिती आली. सगळे पांढऱ्या केसांचे, काळ्या कोटातले. मी मागे भिंतीशी उभा, भांडं तडकलं तर बदलायला. लाय सरांनी भविष्याच्या प्रकाशावर भाषण केलं. मग फंग उठला, नळी जोडली आणि टाकी उघडली. टाकी राखाडी होती. आमच्याकडे कार्बन डायऑक्साइडची हिरवी असते. लाय सरांना फरक दिसला. ते पटकन पुढे झाले.

"डॉक्टर फंग, टाकी बदलली आहे वाटतं."

"नाही, बरोबर आहे," फंग म्हणाला, आणि समितीकडे वळला. "ही तेल लागलेलीच पावडर आहे, थोडी राखून ठेवली होती. भांड्यात आर्गॉन आहे. कार्बन डायऑक्साइड अजिबात नाही. आता दिवा लावतो."

रेघ चढली. समिती रेघेकडे बघत राहिली. काहींना कळलं, काहींनी कळल्यासारखे चेहरे केले. एकाने विचारलं, हा मिथेन मग आला कुठून. फंग म्हणाला, "पोंग्यांतून." आणि सगळं सांगितलं. पुडा, पंप, वर्ख, वास, सगळं. आवाज एरवी दुसऱ्यांच्या पावडरीबद्दल बोलायचा तसाच. शेवटी म्हणाला, "निकाल शून्य."

 मग समितीतल्या सर्वांत वृद्ध माणसाने चष्मा काढला.

"पुडा हिरवाच होता ना?"

"हो."

"मग ठीक. मला वाटलं, पिवळा ठेवला की काय."

सगळी खोली हसली. लाय सरही हसले, कारण समिती हसत होती. एकटा फंग हसला नाही. तो दिवा बंद करत होता.

समितीने अहवालात फंगच्या सचोटीची मनापासून प्रशंसा केली आणि अनुदान दक्षिणेकडच्या त्या केकवाल्या प्राध्यापकांना दिलं. त्यांचा आकडा मोठा होता आणि त्यात पोंगे नव्हते. फंगने आर्गॉनवर त्याला शून्य दिलं होतं, हा मुद्दा वेगळा. लाल कापड रात्रीतून उतरलं. सुतळ्या तशाच लोंबत राहिल्या, पुढे कोणाच्या तरी अभिनंदनाला त्या उपयोगी पडल्या. पाटी कोरून झाली होती असं ताई म्हणतात. लाय सरांनी ती बरेच दिवस कपाटात ठेवली. पितळ आहे, टाकवत नाही म्हणाले.

ताईंनी फंगला खणातल्या पुड्याबद्दल एकदाच ऐकवलं.

"मागितला असतास तर दिला असता."

"मागितला असता तर तुम्ही हसला असता."

"आता कोण हसतंय?"

"सगळं बेट."

"मग मी एकटी हसले असते ते परवडलं नसतं का?"

दुसऱ्या दिवशी त्याने नवा हिरवा पुडा आणून ताईंच्या खणात ठेवला. त्याने हार मानलेली मी तेवढीच पाहिली.

आईला सांगायचं राहिलं होतं. तो फोन त्याने माझ्याच कार्यशाळेतून केला, कदाचित बर्नरच्या आवाजात कमी ऐकू येईल म्हणून. तसं काही झालं नाही.

"आई, मी प्राध्यापक झालो नाही."

"कोण म्हणतं?"

"विद्यापीठ."

"विद्यापीठ राहू दे. मी गावाला सांगून बसले आहे, फळं वाटून झाली आहेत. आता तू मध्ये बोलू नकोस."

त्यामुळे पेइपूत तो शेवटपर्यंत प्राध्यापक फंग राहिला. निवृत्त झाल्यावर तो तिथेच राहायला गेला. सबंध बेटाला पुराव्यानिशी शून्य सांगणाऱ्या या माणसाला त्याच्याच गल्लीने कधी पुरावा मागितला नाही, आणि त्यानेही तिथे तोंड उघडलं नाही. याला काय म्हणावं ते मला ठरवता येत नाही. केंद्र अजून चालू आहे. आता तपासायला नवं यंत्र आहे, ते झटपट आकडे देतं. त्यावर दोन हिरवे पुडे असतात. राखाडी टाकी मी गेल्या खेपेला पाहिली तेव्हा तिच्यावर कोणी कोट टांगला होता.

आई गेल्यावर फळं वाळवायचं काम फंगवर आलं. गेल्या शरद ऋतूत त्याचा फोन आला, तो शेवटचा. खुशाली विचारायची सवय त्याला नव्हतीच.

"छ्यू, अंगणावर काचेचं छप्पर घालतोय. पाऊस आला की फळं आत-बाहेर करायचा कंटाळा येतो. काच किती जाडीची लावू?"

"पाच मिलीमीटर पुरे. वारा फार असेल तर आठ."

"आठने उजेड कमी नाही होणार?"

"नाही होणार. पुरेल."

"पुरेल कशावरून?"

"मी काचेचा माणूस आहे, फंग."

"बरं. आधी एका कोपऱ्यात लावतो, अर्धी फळं तिच्याखाली ठेवतो आणि अर्धी बाहेर. बघतो आणि सांगतो."

"सांग," मी म्हणालो.